आमच्या पोर्चमधली शिक्षा

मी जन्मभर दंडविधान शिकवलं, पण कुणाला दंड झालेला जवळून कधी पाहिला नाही. कोर्टात माझं जाणं व्हायचं ते प्रतिज्ञापत्रं करायला, आणि तिथेही माझेच जुने विद्यार्थी मला हाताला धरून योग्य खिडकीशी नेऊन सोडायचे. निवृत्त झालो आणि थोड्याच वर्षांत सरकारने जुनी संहिता गुंडाळून नवी आणली. मला तोंडपाठ असलेले कलमांचे सगळे आकडे एका रात्रीत रद्दीत गेले. तरी नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत मी अजूनही 'कायद्याचे सर' आहे. भाडेकरार असो, पार्किंगवरून भांडण असो, लोक माझ्याकडे येतात, मी लांबलचक बोलतो, आणि मग ते खऱ्या वकिलाकडे जातात.

प्राण्यांवर माझं प्रेम आहे, पण ते तत्त्वतः. प्रत्यक्षात कुत्रा दिसला की माझी पाचावर धारण बसते. सकाळी फिरायला जाताना मी काठी नेतो. ती गुडघ्यांसाठी आहे असं सांगतो आणि माझ्या बायकोखेरीज सगळे त्यावर विश्वास ठेवतात. असं असूनही मुक्या प्राण्यांना न्याय मिळाला पाहिजे असा एक जळजळीत लेख मी एका स्थानिक दैनिकात लिहिला होता. प्राण्यांना छळल्याबद्दल साठ सालच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड आहे, म्हणजे एक प्लेट तर्री-पोहा आणि वर चहा, असं मी त्यात लिहिलं होतं. ते वाक्य फार गाजलं. निदान मी ते बऱ्याच जणांना वाचून दाखवलं.

त्यामुळे मे महिन्यात आमच्या गल्लीत कुत्र्याचं प्रकरण झालं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळणं साहजिकच होतं. खरं सांगायचं तर, त्या वळायच्या आधीच मी घसा साफ करून बसलो होतो.

गल्लीत एक तांबूस रंगाचा कुत्रा होता, कुणाचाच नसलेला आणि म्हणून सगळ्यांचा. उन्हाळ्यात तो दुपारभर पलीकडच्या घराच्या कूलरखाली झोपायचा. आमच्याकडचे कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतात, त्यातून पाणी ठिबकतं, खालची माती ओली राहते, आणि पंचेचाळीस अंशांत त्या हातभर गारव्याची किंमत माणसापेक्षा कुत्र्याला जास्त कळते. त्या घरात एक सोळा वर्षांचा मुलगा राहायचा. आई एका खासगी दवाखान्यात नर्स, वडील कन्हानकडे कोळसा खाणीत, रविवारचे घरी येणारे. एका दुपारी हा मुलगा आणि त्याचा मित्र गच्चीवर गेले. मित्राने मोबाइल धरला, आणि ह्याने वरून झोपलेल्या कुत्र्यावर वीट टाकली.

तो व्हिडिओ मित्रानेच पसरवला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला. त्यात वीट पडते, कुत्रा किंचाळतो, मागचा पाय ओढत भिंतीकडे सरपटतो, आणि वरून हसण्याचा आवाज येतो. मी तो एकदाच पाहिला. पायापेक्षा ते हसणं वाईट होतं. मला इतका राग आला की तो मुलगा समोर असता तर मी काठी गुडघ्यांसाठी ठेवली नसती.

मित्र दुसऱ्या दिवशी मामाच्या गावी निघून गेला. हा मात्र इथेच होता. ग्रुपवर कुणी त्याला त्याच गच्चीवरून फेकायला निघालं होतं, कुणी 'लेकरू आहे, जाऊ द्या' म्हणत होतं. गल्लीत कुत्र्यांना रोज भात घालणाऱ्या एक बाई आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या; त्यांना सगळे भातवाल्या बाईच म्हणतात. त्यांच्या घरी रोज पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं पहिलंच शील जिवांना न दुखवण्याचं आहे. त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. रिक्षा बोलावली, कुत्र्याला चादरीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, पायाला प्लास्टर करून आणलं, आणि मग माझ्याकडे येऊन शांतपणे सांगितलं की उद्या मी पोलिसात तक्रार देणार आहे, कशी द्यायची ते सांगा.

त्यांच्या पाठोपाठ मुलाची आई आली. ड्युटीवरून थेट आलेली, दवाखान्याच्या साडीतच. ती बसलीच नाही. पोराला पोलीस भरतीची तयारी करायची आहे, पहाटे ग्राउंडवर पळायला जातो, आता केस झाली तर सगळंच संपलं, असं ती माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहत सांगत राहिली.

मी चष्मा पुसला आणि व्याख्यान सुरू केलं. नव्या संहितेत जनावराला अपंग करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण हा अठराच्या आतला, त्यामुळे तो कोर्टात नाही, बाल न्याय मंडळापुढे जाईल. मंडळ त्याला समज देईल, समुपदेशनाला पाठवेल, फार तर काही समाजसेवा करायला लावेल. कायद्याचा हेतू सुधारण्याचा आहे, सूड घेण्याचा नाही. आणि त्या प्रकरणाचा डाग पुढे नोकरीच्या आड येऊ नये, अशी तरतूदसुद्धा आहे.

"तो डाग कागदावर नसते सर," ती म्हणाली. "तो लोकाच्या तोंडात असते."

इथे एखाद्या शहाण्या माणसाने गप्प बसून भातवाल्या बाईंना तक्रार करू दिली असती, आणि मंडळात बसलेल्या, ह्याच कामासाठी नेमलेल्या माणसांवर ते सोपवलं असतं. पण मला कल्पना सुचली. मला कधीही कल्पना सुचली की माझी बायको हातातलं काम ठेवून दारात येऊन उभी राहते, इतका तिला अनुभव आहे.

कल्पना अशी: कायदा शेवटी जे करणार, ते आपणच करू. मुलाने कुत्र्याचा पाय मोडला; मुलानेच त्याची सेवा करावी. प्लास्टर निघेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ त्याला खायला द्यायचं, औषध द्यायचं, जागा साफ करायची. एकही वेळ चुकवली, तर दुसऱ्या दिवशी तक्रार. ज्याला दुखवलं त्याच्याच डोळ्यांत रोज पाहावं लागलं की दगडालाही पाझर फुटतो, असंही मी बोललो. आईने हात जोडले. भातवाल्या बाईंना हे पटलं नव्हतं, पण त्या आईच्या तोंडाकडे पाहून 'बरं' म्हणाल्या. कायदा शिकवणाऱ्या माणसाने आपल्या दिवाणखान्यात बसून कायद्याला रजा दिली आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली, असा तो क्षण होता.

मग प्रश्न आला की कुत्रा ठेवायचा कुठे. भातवाल्या बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, प्लास्टरमध्ये जिना जमणार नाही. तेव्हा दारातून माझी बायको म्हणाली, "आपल्याच पोर्चमध्ये ठेवू की. ह्यांना जवळून पाहता येईल."

अशा रीतीने जो प्राणी दिसला की मी रस्ता बदलतो, तो माझ्या दारात राहायला आला. मला बाहेर पडायचं असलं की मी मागच्या दाराने, धुण्याच्या दगडावरून, बोळातून जायचो. बायको त्याला दुपारी भात-दूध द्यायची, तिच्या हातून तो खायचा, शेपूट हलवायचा. मी जाळीच्या दाराआडून त्याचं निरीक्षण करायचो आणि एका मोठ्या लेखासाठी टिपणं काढायचो. लेखाचा विषय होता, प्राण्यांना इजा करणाऱ्या मुलांशी कायद्याने कसं वागावं. माझं उत्तर आधीच तयार होतं. फक्त पुरावा पोर्चमध्ये शिजायचा होता.

मुलगा वेळेवर यायचा, हे मान्य करायला हवं. सकाळी ग्राउंडवरून परस्पर, घामाने ओला. संध्याकाळी क्लासच्या आधी. कुत्र्यापासून चार हातांवर उकिडवा बसायचा, वाटी पुढे सरकवायचा. कुत्रा भिंतीच्या कोपऱ्यात शिरायचा आणि तोंड फिरवायचा. वाटी तशीच राहायची. एकदा बायको म्हणाली की तो पोरगा आला की कुत्रा नुसता थरथरून राहतो हो. मी तिला समजावलं की अपराधी आणि पीडित यांच्यात सुरुवातीला असा संकोच असतोच, त्यावर बाहेरदेशी पुस्तकं लिहिली गेली आहेत. ती म्हणाली की कुत्र्याने ती वाचली नसतील. मी हे वाक्य टिपणांत घेतलं नाही.

मग प्लास्टरची भानगड सुरू झाली. डॉक्टरांनी पाहिलं तर प्लास्टर खालून ओलं, आतली कातडी लाल झालेली. ते काढून नवीन घातलं आणि कोरडं ठेवा म्हणून बजावलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर चिडले, म्हणाले असंच चाललं तर जखम सडेल आणि पाय कापावा लागेल. मी घरी येऊन तपास हाती घेतला आणि आरोपी लगेच सापडला: आमचा कूलर. पोर्चच्या खिडकीला होता आणि ठिबकत होता. मी कूलरवाल्याला बोलावून पंप बदलला, टाकीची भोकं बुजवली. प्लास्टर ओलंच. मग मी कूलरच बंद केला.

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवणं काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आम्ही दोघं ओले पंचे अंगावर टाकून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचो. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. मी मात्र ह्या त्यागाने भारावून गेलो होतो आणि भेटेल त्याला सांगत होतो की एका मुक्या जिवासाठी आम्ही कूलर सोडला.

प्लास्टर ओलंच.

उरला तो मुलगा. हा पाणी ओतून फरशी धूत असणार आणि प्लास्टरवर उडवत असणार, असं मी ठरवलं आणि त्याला चांगलं खडसावलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यानंतर दोनदा तो जाळीच्या दाराशी येऊन 'सर' म्हणाला. दोन्ही वेळा मी लिहीत होतो. पहिल्यांदा मी 'नंतर' म्हणालो. दुसऱ्यांदा नुसता हात वर केला.

मी लिहीत होतो ते भाषण होतं. माझ्या प्रयोगाची कीर्ती शहरातल्याच मनीषनगरपर्यंत गेली होती, म्हणजे मीच ती नेली होती, आणि तिथल्या ज्येष्ठांच्या एका मंडळाने मला बोलावलं होतं. मी मुलाला, त्याच्या आईला आणि भातवाल्या बाईंना सोबत घेतलं. आईने त्यासाठी ड्युटी बदलून घेतली. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला, कारण मीच तसं सांगितलं होतं.

सभागृहात वातानुकूलन होतं. इतक्या दिवसांनी अंगाला गार वारा लागला आणि मी सुटलो. दया, दंड, सुधारणा, सगळं बोललो. विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची, ओळख कधीही उघड करू नये असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, हेही मी माइकवरून समजावून सांगितलं. आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात, असं एक बालक इथे पहिल्या रांगेत बसलं आहे, असं म्हणून त्याच्याकडे हात केला. टाळ्या पडल्या. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

अध्यक्षांनी मुलाला वर बोलावलं. प्रेमळ गृहस्थ होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की आता तो कुत्रा तुझा दोस्त झाला असेल, नाही का.

मुलगा माझ्याकडे पाहत होता. त्याला हो म्हणायचं होतं. मी डोळ्यांनी त्याला हो म्हण असंच सांगत होतो.

"नाही जी," तो म्हणाला. "तो मले पाहून मुतते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मुलगा थांबला नाही. त्याला बहुतेक थांबणं जमणार नव्हतं.

"गेटाचा आवाज आला का तो कोपऱ्यात जाते अन् मुतते. प्लास्टर त्याच्यानंच ओलं होते. कूलरचं काही नाही. मी सरांले दोनदा सांगाले गेलो." मग त्याने आईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "माह्यावर केस करा. पण त्याच्यापाशी मले नका पाठवू. त्याचा पाय जाईन."

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. मला शाल दिली गेली, हे फोटोत आहे.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. मी इतका लाजलो होतो की मला दोनदा गिअर सापडला नाही. त्या कुत्र्याच्या बाजूने मी लेख लिहिला, भाषण दिलं, कूलर सोडला, आणि ज्या माणसाची त्याला सर्वांत जास्त भीती वाटते त्याला रोज दोन वेळा त्याच्यापुढे नेऊन बसवलं. मुलाला सुधारायचं म्हणून मी त्या कुत्र्याला फळ्यासारखं वापरलं. मुलगा सुधारला, हेही खरं. पण तो माझ्यामुळे नाही, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याशिवाय. आणि सुधारल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की जी केस टाळायला त्याची आई माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली होती, ती त्याने स्वतःच्या तोंडाने मागून घेतली.

आमच्या फाटकाशी उतरल्यावर भातवाल्या बाई आईजवळ गेल्या. त्यांनी सांगितलं की तक्रार त्या देणार, कारण झालं ते झालं आहे आणि ते कुठेतरी नोंदलं गेलं पाहिजे. आणि बाल न्याय मंडळापुढे ज्या ज्या तारखेला मुलाला जावं लागेल, त्या त्या तारखेला त्या स्वतः त्याच्यासोबत जातील, आणि आज तो काय बोलला ते तिथे सांगतील. आई नुसती 'हो' म्हणाली. कायद्याने अशा मुलांशी कसं वागावं, यावरचा माझा लेख सतरा पानांचा झाला होता. त्या बाईंचं दोन वाक्यांत झालं.

कुत्र्याला आत्ताच न्यायचं ठरलं. बाईंच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची बहीण राहते, तिच्या मागच्या खोलीतले भाडेकरू नुकतेच गेले होते, तिथे सोय होणार होती. प्रश्न एवढाच होता की मुलगा आमच्या अंगणातच उभा होता आणि पोर्चमधून बाहेर जायची वाट त्याच्यासमोरून होती. कुत्रा आधीच कोपऱ्यात शिरला होता. आम्ही मोठी माणसं तिथे चर्चा करू लागलो, मुलाला कुठे उभं करायचं, कुत्र्याचं तोंड कुठे वळवायचं. तेवढ्यात मुलगा मागच्या बोळातून, त्या धुण्याच्या दगडावरून, घरात गेला. माझ्या बायकोने मागचं दार उघडून दिलं. तो आमच्या न्हाणीघरात शिरला आणि आतून कडी लावून घेतली.

बाईंनी कुत्र्याच्या गळ्यात दोरी अडकवली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं, कारण त्यांना त्याचं मागचं अंग सावरून धरायचं होतं. मी जन्मात पहिल्यांदा कुत्र्याची दोरी धरली. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, ते दोरीतून माझ्या हाताला कळत होतं. फाटकाशी तोवर बाईंची बहीण येऊन थांबली होती; मी दोरी तिच्याकडे दिली. ते तिघं गल्लीतून निघाले, कुत्रा तीन पायांवर, दर चार पावलांनी थांबत.

मी आत आलो आणि न्हाणीघराच्या दारावर टकटक केली. म्हणालो की बाहेर ये, तो गेला.

कडी निघाली नाही. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू, जणू कुत्रा अजून दाराशीच असावा.

"कोपऱ्यावरून वळला का जी?"

मी पुन्हा पोर्चमध्ये जाऊन पाहिलं. वळला नव्हता. मी आत येऊन तसं सांगितलं.

"मंग वळू द्या," तो म्हणाला. "मी थांबतो."

मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. कुत्रा विजेच्या खांबाशी थांबला, बाई त्याच्याशी काही बोलल्या, तो पुन्हा निघाला. आमच्या गल्लीचा कोपरा काही लांब नाही, पण तीन पायांना वेळ लागतो. आत माझ्या न्हाणीघरात एक सोळा वर्षांचा मुलगा अंधारात उभा होता. त्याने दिवासुद्धा लावला नव्हता. मी कुत्र्यावरून नजर काढली नाही. तो वळल्यावरही मी थोडा वेळ तसाच थांबलो, आणि मग आत जाऊन त्याला सांगितलं.